फिलाडेल्फियातली कॅथलिक शाळा आणि आपलं लसीचं कार्ड

‘उत्तर फिलाडेल्फियातली शाळा आवडली, पण आर्चडायोसिसच्या (कॅथलिक चर्चच्या विभागीय कारभाराच्या) यादीत तिचं नाव नाही, शिवाय आम्ही हिंदू.’ ताई, तुमचं हे वाचलं आणि आमचे हेलपाटे आठवले. यादीत नाव नाही म्हणजे शाळा बहुधा स्वतंत्र आहे. गेसू स्कूलचंच बघा: १९९३ मध्ये पॅरिश (तिथलं स्थानिक चर्च) बंद झालं, शाळा स्वतःच्या विश्वस्त मंडळावर चालू राहिली. अशा शाळांची फी खऱ्या खर्चापेक्षा बरीच कमी असते, उरलेलं देणगीदार भरतात. म्हणून प्रवेश आणि फीसवलत दोन्हींसाठी थेट शाळेचं ऑफिस गाठा. बाप्तिस्म्याची अट सहसा नसते. धर्माचा तास आणि मास (चर्चमधली सामूहिक उपासना) मात्र सगळ्यांना असतात. ते चालत नसेल तर तिकडे जाऊच नका, असं माझं स्पष्ट मत.

शाळेला मुलांच्या लसींची नोंद लागते, आणि खरी ठेच तिथे, आपल्या भारतातल्या लसीच्या कार्डाला लागते. एका दवाखान्याच्या (नाव नको) खिडकीवर आपल्या तारखा उलट्या चढवल्या. समजा, मुलीचा जन्म १५ जून २०१९चा आणि कार्डावर एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) ‘०५/०९/२०२०’. आपल्याकडे ५ सप्टेंबर, तिथे ९ मे. म्हणजे वर्ष पूर्ण व्हायच्या आत, डोस बाद! ‘सिस्टीममध्ये असंच दिसतंय’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. तेव्हा भारतातल्या बालरोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर सगळ्या तारखा महिना अक्षरी लिहून आणा. हे निघण्याआधीच करा, नंतर व्हॉट्सॲपवर मागत बसावं लागतं.

तारखा बरोबर असल्या तरी काही डोस जातातच. नवव्या महिन्याचा एमआर (गोवर-रुबेला) किंवा एमएमआर धरत नाहीत. एप्रिल २०१६ नंतरचे पोलिओचे थेंबही नाहीत, इंजेक्शनचे डोस धरतात. आणि पोलिओचा शेवटचा डोस चौथ्या वाढदिवसानंतरचा लागतो. कांजिण्यांचे दोन लागतात, ही लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही. दोन डोसांत तीन महिन्यांचं अंतर ठेवतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये धावपळ करून उपयोग नाही. पेनसिल्व्हेनियात हा नियम खाजगी शाळांनाही आहे: बाकी डोस पहिल्या पाच दिवसांत घ्यायचा, पुढच्याला अवकाश असेल तर डॉक्टरांचा लेखी आराखडा द्यायचा. नाहीतर मुलीला घरी बसवतात. (मी डॉक्टर नाही, अंतरं तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.) विमा नसेल तर ‘वॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन’ योजनेत लस फुकट मिळते. खिडकीवर ते आपणहून सांगतीलच असं नाही, विचारा.

जाता जाता पैशाचं. शाळेची सवलत आणि ईआयटीसी (देणगी देणाऱ्या कंपन्यांना पेनसिल्व्हेनियाची करसवलत) योजनेखाली कंपन्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांची स्कॉलरशिप, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचा अर्ज भरला म्हणजे दुसरीचा झाला, असं समजू नका. मुदतीही वेगळ्या असतात, आधीच्या वर्षाचं टॅक्स रिटर्न हाताशी ठेवा.