मॉर्फिन, घाम आणि रात्री १० ची गोळी

"रातच्याला तीनदा बन्यान बदलावं लागते जी. घामासंगं ताकद चालली त्यांची. म्हणून रात्रीची गोळी मी देतच नाही."

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका ताईंनी ऐन मे महिन्यात सांगितलेली ही अडचण. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांचे पती ५४ वर्षांचे. खर्ऱ्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) जुनी सवय, जबड्याचा कर्करोग, रेडिएशन झालेलं, जेवण नाकातल्या नळीतून. दुखणं आवरावं म्हणून दोन महिन्यांपासून मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची साधी गोळी सुरू होती. सकाळी ६, १०, दुपारी २ आणि संध्याकाळी ६ वाजता एकेक, रात्री १० वाजता दोन. रात्री दोन यासाठी, की मध्यरात्री पुन्हा उठवावं लागू नये. ताईंनी नेमक्या त्याच दोन गोळ्या बंद केल्या होत्या.

घामाचं कारण शोधताना पहिला प्रश्न 'किती?' असा नसतो, 'कधी?' असा असतो. ताईंना चार दिवस वहीत पाच गोष्टी लिहायला सांगितल्या: गोळीची वेळ, घामाची वेळ, थर्मामीटरवरचा ताप, ० ते १० मध्ये दुखणं किती, आणि घामासोबत आणखी काय होतं. वही बघितल्यावर कळलं, की घाम एक नव्हताच, दोन होते.

पहिला घाम दर गोळीनंतर तासाभरात यायचा. डोकं, मान, छाती निथळायची, पण माणूस शांत, दुखणं २ वर. दुसरा घाम पहाटे ३-४ च्या सुमारास. तेव्हा जांभयांवर जांभया, नाकाला पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, दुखणं ८ वर. संध्याकाळच्या ६ नंतर थेट सकाळी ६ ला गोळी, म्हणजे १२ तासांचा खंड. साध्या गोळीचा असर चार तासांच्या आसपास टिकतो. पहाटेचा घाम औषध अंगावर आल्यामुळे नव्हता. औषध अंगातून उतरल्यामुळे होता.

'म्हणजे चटक लागली का?' हा प्रश्न अपेक्षितच होता. नाही. काही आठवडे रोज मॉर्फिन घेतलं की शरीर त्याला सरावतं आणि ते अचानक तुटलं की तक्रार करतं. दुखण्यासाठी सांगितलेल्या मापात, वेळेवर गोळी घेणं म्हणजे व्यसन नव्हे. मात्र मधल्या काळात डोस चुकले असतील तर आपल्या मनाने पुन्हा पूर्ण डोस सुरू करायचा नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. तसं विचारूनच रात्रीच्या दोन गोळ्या पुन्हा लागू झाल्या आणि दोन-तीन दिवसांत पहाटेचा घाम थांबला. (गोळी नळीतून द्यायची म्हणून ताई ती कुटून पाण्यात घोळत होत्या. साधी गोळी असल्याने ते चाललं. मॉर्फिनची सावकाश सुटणारी गोळी मात्र कधीही कुटू नये, सगळा डोस एकदम अंगावर येतो.)

उरला पहिला घाम. मॉर्फिनमुळे त्वचेतल्या काही पेशींमधून हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं, शिवाय मेंदूतलं अंगाचं तापमान सांभाळणारं केंद्रही हलतं. सुरुवातीची मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. घाम आणि बद्धकोष्ठ मात्र चिवट. दुखणं परवानगी देत असेल तर डॉक्टर डोस थोडा कमी करून बघतात किंवा औषध बदलतात. फेंटानिल या दुसऱ्या वेदनाशामकाचा त्वचेवर चिकटवायचा पॅच हा एक पर्याय, पण घामाने तो सुटतो, आणि उन्हाने किंवा शेकण्याच्या पिशवीने पॅच तापला की औषध जास्त शोषलं जातं. चंद्रपूरच्या मे महिन्यात हे दोन्ही धोके खरे.

ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्यांनी घाम कमी होतो. इथे डॉक्टरांनी त्या टाळल्या, आणि ते बरोबरच होतं. रेडिएशनने तोंड आधीच कोरडं, मॉर्फिनने पोट आधीच घट्ट, दोन्ही या गोळीने वाढतात. शिवाय बाहेर ४५ अंश असताना घामच बंद केला तर अंग थंड कशाने होणार?

मग राहिली घरची व्यवस्था. गादीवर पसरलेलं रेक्झिन काढायला लावलं, घाम त्याच्यावरच साचत होता. त्याऐवजी जुन्या सुती लुगड्याच्या चार घड्या पाठीखाली. ओलं झालं की घडी फिरवायची, माणसाला पूर्ण उठवायचं नाही. आधी कोमट पाण्यात पिळलेल्या पंच्याने पुसायचं, मग कूलर. निथळत्या अंगावर थेट गार झोत आला की हुडहुडी भरते. कूलरच्या समोरची खिडकी उघडी हवी, बंद खोलीत तो नुसता दमट हवा फिरवतो. (मुंबई-कोकणातल्यांनी कूलरच्या नादी लागू नये, तिथे पंखाच बरा.) नाकावरची नळीची चिकटपट्टी घामाने सुटत होती. ती रोज बदलायची, त्वचा आधी पूर्ण कोरडी करून.

जांघेत लाल चकंदळं आली होती. पावडरने ओलाव्याचा चिखल होतो, म्हणून पावडर बंद. डॉक्टरांनी बुरशीवरचं क्लोट्रिमाझोल दिलं. दुकानदार देतात ती स्टेरॉइडमिश्रित मलमं नकोत, खाज तेवढ्यापुरती दबते आणि बुरशी पसरते.

सगळ्यात महत्त्वाचं पाणी. घामाने पाणी गेलं की लघवी कमी होते, मूत्रपिंड मंदावलं की मॉर्फिनचे अवशेष अंगात साठतात, आणि नेहमीचाच डोस जास्त झाल्यासारखा चढतो. लघवी गडद झाली किंवा दिवसात चारपेक्षा कमी वेळा झाली तर नळीतून द्यायचं पाणी वाढवायला विचारायचं. ओआरएसची पुडी १ लिटरची की २०० मिलिलिटरची ते वाचून तेवढ्याच पाण्यात विरघळवायची. ताई मोठी पुडी तांब्याभर पाण्यात घालत होत्या, ती फार खारट होत होती.

वहीच्या मागच्या पानावर ठळक अक्षरांत लिहून दिलं, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना: १००.४ च्या वर ताप, हलवूनही जाग न येणं, मिनिटाला ८-१० पेक्षा कमी श्वास, हातापायांना झटके, छातीत दुखून घाम, किंवा घाम एकदम थांबून अंग तापलेलं, कोरडं आणि बोलणं असंबद्ध. मधुमेह असेल तर गार घाम आल्याबरोबर साखर तपासायची, ७० च्या खाली असेल तर दोष मॉर्फिनचा नाही.

जुलैत वही पुन्हा पाहिली. गोळीनंतरचा घाम अजून येतोच, पण रात्री एक बनियान पुरतं. ताईंची नवी तक्रार अशी, की पावसात बनियान वाळत नाही. सहा घेऊन ठेवायचं ठरलं.