तोच ट्रान्झिस्टर परत परत का उडतो?

प्रश्न : सर, आमच्या वाडीच्या भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर आहे, लोकल असेंबल केलेला, वीसेक वर्षं तरी झाली. स्पीकर चालवणारे टू एन ३०५५ ट्रान्झिस्टर चार आहेत, एका चॅनेलला दोन. गेल्या दोन वर्षांत सात ३०५५ उडाले आणि सगळे डाव्या चॅनेलचेच. मेकॅनिक येतो, शॉर्ट झालेला काढून नवा टाकतो, वाजवून दाखवतो, पैसे घेतो, पंधरा दिवसांनी परत तेच. डबलबारी (दोन भजनी मंडळांचा सामना) असली की हमखास, तेही रात्री बारा-एकच्या पुढे. सप्लाय दिवसा मोजला, प्लस-मायनस २८ व्होल्ट आहे. पोरं म्हणतात भंगारात टाका. काय करू? — एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : भंगारात अजिबात टाकू नका. तुम्ही पत्रात दोन गोष्टी अशा लिहिल्यात की अर्धं काम तिथेच झालं, एक म्हणजे कायम डावा चॅनेल आणि दुसरी मध्यरात्रीची वेळ.

आधी रात्रीचं. ३०५५ चं रेटिंग ६० व्होल्ट. तुमचा सप्लाय २८ अधिक २८, म्हणजे ५६, आणि आवाज जोरात असताना बंद बाजूच्या ट्रान्झिस्टरवर जवळजवळ हे सगळं येतं. आता रात्री गावातले पंप बंद, दिवे बंद, लाइन २३० ची २५५ झाली की तुमचे २८ होतात ३१, दोन्ही मिळून ६२. रेटिंग ओलांडलंच ना. दिवसा मोजून हे कसं कळणार, डबलबारीच्या रात्री एकदा मीटर लावून बघा.

पण नुसतं व्होल्टेज असतं तर कधीतरी उजवा पण गेला असता. म्हणून डावीकडे आणखी काहीतरी आहे, आणि माझा पहिला संशय हीटसिंकवरच्या, म्हणजे ट्रान्झिस्टर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीवरच्या, त्या बारक्या डायोडवर. आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून थोडा करंट चालू ठेवतात, त्यासाठी बेसवर दिलेलं व्होल्टेज म्हणजे बायस. बऱ्याच सर्किटमध्ये बायसचा डायोड हीटसिंकला चिकटवलेला असतो. त्याचं काम काय, तर ट्रान्झिस्टर किती तापलाय ते बघून बायस कमी करायचा. ट्रान्झिस्टर तापला की तेवढ्याच करंटला बेसवर कमी व्होल्टेज पुरतं, दर डिग्रीला साधारण २ मिलिव्होल्टने कमी. वीस वर्षांत तो गोंद सुकतो, डायोड सुटून हवेत लोंबकळतो, त्याला वाटतं सगळं थंड आहे. मग करंट वाढला म्हणून ट्रान्झिस्टर तापतो, तापला म्हणून करंट आणखी वाढतो, शेवटी शॉर्ट. मेकॅनिक बिचारा दरवेळी चोर सोडून संन्याशाला फाशी देतोय.

तेव्हा डायोड बोटाने हलवून बघा, हलला तर थोडी हीटसिंक पेस्ट लावून नीट क्लिप करा. ट्रान्झिस्टरखालचा अभ्रकाचा तुकडा आणि पेस्ट पण नवी घाला, जुनी पेस्ट खडूसारखी झालेली असते. ०.३३ ओहमचे एमिटर रेझिस्टर आणि ३०५५ ला चालवणारे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर मीटरवर तपासा, आउटपुटचा ३०५५ उडाला की ड्रायव्हर अर्धमेला होतो आणि नव्याला पण घेऊन जातो. बायसचा प्रीसेट (स्क्रूने फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर) वीस वर्षांचा असेल तर सरळ बदला, आत गंज धरून तो मध्येच सुटतो, आणि सुटला की बऱ्याच सर्किटमध्ये बायस एकदम वर जातो. डाव्याचे दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर एकदमच बदला, आणि ३०५५ च्या जागी टू एन ३७७३ घाला, १४० व्होल्टचा आहे, भोकं पण तीच.

आणि ऐका, थेट लाइनवर चालू करू नका! १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा, स्पीकर काढून ठेवा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटूनच राहिला तर अजून कुठेतरी शॉर्ट आहे, नवे ट्रान्झिस्टर तरी वाचले. बायस लावताना मात्र बल्ब काढा. ०.३३ च्या रेझिस्टरवर १० मिलिव्होल्ट म्हणजे ३० मिलिअँपियर, तेवढं ठेवा आणि अर्ध्या तासाने परत मोजा. चढत चढत ४० मिलिव्होल्टला गेलं तर डायोडचं काम झालेलं नाही असं समजा. बोर्डाला हात लावायच्या आधी मोठे फिल्टर कंडेन्सर बल्बच्या दोन वायरींनी रिकामे करा, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची मर्दुमकी नको.

नकली ३०५५ पण मिळतात बरं का. मी एकदा असे दोन कापले, आत चिप इवलीशी. फार स्वस्त मिळाला तर शंका घ्या.

प्रश्न : जुन्या एलसीडी मॉनिटरच्या सप्लाय बोर्डावरचा १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कंडेन्सर तिसऱ्यांदा फुगलाय. खाऱ्या हवेमुळे असेल का? — एक वाचक, मालवण

उत्तर : खाऱ्या हवेने ट्रॅक हिरवे पडतात, कंडेन्सर सहसा फुगत नाही. त्याच्या अंगावर ८५ डिग्री छापलंय की १०५ ते बघा. दुकानदार बहुतेक ८५ चाच काढून देतो, आणि तुमचा कंडेन्सर हीटसिंकला चिकटून बसलेला असणार. दर १० डिग्री कमी तापमानाला आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणजे १०५ डिग्रीला २००० तासांचा कंडेन्सर ६५ ला ३२,००० तासांच्या आसपास जाईल. १०५ चाच घ्या, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला) मागा, जागा असेल तर २५ व्होल्टचा बसवा आणि पाय थोडे वाकवून हीटसिंकपासून लांब ठेवा. तरी फुगला तर शेजारचा डायोड लीक आहे का बघा.