घरी व्हॉल्व्ह रेडिओ बनवतोय, जुन्या सर्किटमध्ये मेन्सची एक वायर सरळ चेसिसला (रेडिओच्या पत्र्याच्या सांगाड्याला) जोडलेली दाखवलीय, तसंच करू का?

नाही, अजिबात नको. तुम्ही बघताय ते सर्किट बहुतेक बिनट्रान्सफॉर्मरच्या एसी-डीसी सेटचं असणार. त्यात सगळ्या व्हॉल्व्हची फिलामेंट्स (आतल्या तापणाऱ्या तारा) सिरीजमध्ये लावून थेट मेन्सवर चालवायचे. अमेरिकेत १२बीई६, १२बीए६, १२एव्ही६, ५०सी५ आणि ३५डब्ल्यू४ हा पाच व्हॉल्व्हचा संच फार चालला, नावातले सुरुवातीचे आकडे म्हणजे साधारण फिलामेंटचे व्होल्ट, ते मिळवून बघा, १२१ येतात, म्हणजे तिकडचं मेन्स व्होल्टेजच झालं. ट्रान्सफॉर्मरचे पैसे वाचले पण चेसिस मेन्सला बांधली गेली. प्लग उलटा लागला की चेसिसवर फेज, आणि मग मधे काय तर लाकडी नाहीतर बॅकेलाइटचा डबा आणि नॉब. नॉब निघाला आणि शाफ्टला किंवा नॉबच्या त्या बारक्या स्क्रूला बोट लागलं की झालं.

आता नव्याने बनवताय तर प्रायमरी (मेन्सकडची) आणि सेकंडरी (सर्किटकडची) वाइंडिंग वेगळी असलेला ट्रान्सफॉर्मरच घ्या. आणि मधे डिमरस्टॅट आहे ना, मग काय, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, तो ऑटोट्रान्सफॉर्मर, म्हणजे एकाच वाइंडिंगचा असतो, त्याने व्होल्टेज कमी-जास्त होतं, पण मेन्सपासून सुटका होत नाही.

कॉर्ड थ्री-पिनचीच हवी. पहिलं काम अर्थचं: चेसिसवरचा रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, त्यावर लग (वायरच्या टोकाची धातूची कडी), दातेरी वॉशर आणि वरून दुसरा नट, आणि हा बोल्ट फक्त अर्थसाठी ठेवायचा. ट्रान्सफॉर्मरच्याच बोल्टखाली अर्थ दाबायचा मोह सगळ्यांना होतो, पण पुढे कधीतरी ट्रान्सफॉर्मर सोडवला की अर्थ गेलाच. अर्थची वायर आत बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे कॉर्ड ओढली गेलीच तर ती सर्वांत शेवटी तुटेल. भोकाला रबरी ग्रोमेट, आत क्लॅम्प. गाठ मारून भागवू नका.

फ्यूज फेजमध्येच आणि स्विचच्या आधी. होल्डरच्या मागच्या टोकाला फेज द्या, म्हणजे फ्यूज काढताना बोटाजवळ करंट येत नाही. ४० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टवर साधारण १७५ मिलिअँपिअर घेतो, त्याला ३१५ मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो बरा, चालू करताना एक झटका जास्त करंट जातो म्हणून स्लो-ब्लो. घरात पडलेला ५ अँपिअरचा लावलात तर आधी ट्रान्सफॉर्मर जळेल, मग कदाचित फ्यूज. स्विच डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) घ्या आणि व्हॉल्यूमच्या पॉटला (फिरवायच्या कंट्रोलला) जोडलेला वापरू नका, एक तर मेन्स पुढच्या पॅनेलपर्यंत येतो आणि वर ऑडिओत हम (मेन्सची गुणगुण) घुसतो. मेन्सवर फिल्टर कपॅसिटर लावायचाच असेल तर मेन्ससाठीच बनवलेल्या सेफ्टी वर्गातले घ्या, फेज-न्यूट्रलमध्ये एक्स२, चेसिसकडे जाणारा वाय२, जुने कागदी कपॅसिटर तिथे नकोतच.

आणि घरात आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या ३०० व्होल्ट डीसीचा शॉक त्याला कळतच नाही. त्यातून या डीसीवरचे फिल्टर कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले राहतात. एकूण ४७ मायक्रोफॅरड असतील तर त्यांच्यावर १०० किलोओहम, २ वॅटचा ब्लीडर (चार्ज उतरवणारा रेझिस्टर) कायमचा सोल्डर करा, २५-३० सेकंदात रिकामे होतात, तरी हात घालायच्या आधी मीटर लावून बघाच.

प्लग लावण्याआधी प्लगच्या अर्थ पिनपासून चेसिसपर्यंत मोजा, अर्ध्या ओहमच्या आत यायला पाहिजे, मग फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून चेसिस, तिथे ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) काही मेगओहम तरी दिसले पाहिजेत. पहिल्यांदा चालू करताना व्हॉल्व्ह न बसवता, ६० वॅटचा साधा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये टाकून. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर लगेच प्लग काढा आणि आधी सेकंडरीच्या वायरी तपासा.