आडरानातली गाडी आणि टोपो नकाशा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गाडीत नेहमीचा नेव्हिगेटर आहे. मग टोपो नकाशे वेगळे कशाला?

डांबरी संपली की नेहमीचा नेव्हिगेटर मुका होतो. कोऱ्या पडद्यावर मधोमध तुमचा बाण तेवढा उरतो. तुम्ही कुठे आहात ते कळतं, पण डावीकडे पठार आहे की कडा, ते कळत नाही. आडरानात गाडी न्यायची तर तेच आधी कळायला हवं. टोपो नकाशात जमिनीचे हेच चढउतार दाखवलेले असतात.

प्रश्न : समोच्च रेषा दिसतात, पण गाडी चढेल का हे त्यांवरून कसं ओळखायचं?

हे ज्याला जमलं त्याचं निम्मं काम झालं, म्हणून सविस्तर सांगतो. समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ. लगतच्या दोन रेषांमध्ये उंचीचा फरक किती, ते आधी बघा. समजा 20 मीटर आहे. आता तुमच्या वाटेवर त्या दोन रेषांमधलं अंतर मोजा. ते 100 मीटर भरलं तर चढ 20 टक्के, म्हणजे साधारण 11 अंश. घट्ट, कोरड्या जमिनीवर फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणारी गाडी) लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेगाच्या पण जास्त जोराच्या गिअरमध्ये, हा चढ आरामात घेते. तेच अंतर 40 मीटर भरलं तर चढ 50 टक्के, जवळपास 27 अंश. असा चढ मी आधी पायी चढून बघतो, मगच गाडी घालतो.

वाट रेषांना समांतर जात असेल तर नवखा खूश होतो, कारण चढ नाही. पण रेषा दाट असतील आणि वाट नीट कोरलेली नसेल, तर गाडी एका बाजूला कलूनच चालणार. उलटण्याची मला सगळ्यात जास्त भीती तिथेच वाटते. सरळ चढावर अडलेली गाडी सावकाश मागे घेता येते, कलंडायला लागलेली सावरता येत नाही.

आणखी एक खूण. रेषांचं टोक चढाकडे गेलेलं दिसलं तर तिथे घळ किंवा ओढा असतो, उताराकडे आलेलं दिसलं तर डोंगराची सोंड. पावसानंतर निवड करायची वेळ आली तर मी सोंडेवरची वाट धरतो.

प्रश्न : नकाशात सपाट दिसलेल्या जागी खोल घळ निघाली. नकाशा चुकीचा होता का?

चुकीचा नाही, ढोबळ होता. रेषा 20 मीटरच्या असतील तर 6 मीटर खोल घळ दोन रेषांच्या मध्ये सहज लपते. शिवाय बऱ्याच डिजिटल नकाशांच्या रेषा फेब्रुवारी 2000 मध्ये नासाच्या एंडेव्हर अंतराळयानाने रडारने केलेल्या मोजणीवरून काढलेल्या आहेत. त्यातले बिंदू सुमारे 30 मीटर अंतरावर आहेत, मधलं अरुंद काही त्यात सापडत नाही. झूम कितीही करा, रेघ मोठी दिसेल, माहिती तेवढीच राहील.

मलाही एकदा अशी घळ लागली. तिन्हीसांजेला हेडलाइटच्या झोतात समोरचं गवत एकाएकी संपलं. उतरून पाहिलं तर दोन पुरुष खोल, ताशीव काठाची घळ, आणि पडद्यावर वाट सरळ पलीकडे गेलेली. तेव्हापासून आदल्या दिवशी त्याच वाटेचं उपग्रहचित्र बघितल्याशिवाय मी निघत नाही.

प्रश्न : मित्राने पाठवलेले अक्षांश-रेखांश टाकले, जागा भलतीकडेच दिसते.

बहुधा लिहिण्याच्या पद्धतीचा घोळ आहे. 40 अंश 30.5 मिनिटे म्हणजे 40.305 अंश नव्हे, 40.508 अंश. अक्षांशात एवढ्याने जागा सुमारे साडेबावीस किलोमीटर सरकते. चूक शे-दोनशे मीटरचीच असेल तर डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजले ती पद्धत, तपासा. जुन्या कागदी नकाशांचा डेटम वेगळा असतो, जीपीएसचा डब्ल्यूजीएस 84.

प्रश्न : मोबाइलला रेंज नसेल तर?

जीपीएसला रेंज लागत नाही, तो उपग्रहांचे संदेश फक्त ऐकतो. नकाशे मात्र घरूनच उतरवून घ्या. गाडी उभी असताना बाणाच्या दिशेवर विसंबू नका, बऱ्याच यंत्रांना दिशा हालचालीवरूनच कळते. चुंबकी होकायंत्र वापरायचं तर गाडीच्या लोखंडापासून काही पावलं दूर जाऊन बघा. डांबरी सोडण्याआधी ट्रॅक रेकॉर्डिंग सुरू करा, परतताना तीच चाकोरी धरता येते. आणि चार्जरची वायर डॅशबोर्डला घट्ट बांधा, धक्क्यांनी ती सॉकेटमधून निघते आणि यंत्र बंद पडेपर्यंत लक्षातही येत नाही.