सेवेला जाताना मिळण्याचा विचार करावा का?

प्रश्न : मी सांगलीतील एका खासगी शाळेत गणित शिकवते. माझे वय २८ आहे. आमच्या घरी उपासनेचे वातावरण आहे आणि त्यातूनच विवेकानंद केंद्राच्या अरुणाचल प्रदेशातील एखाद्या विद्यालयात दोन वर्षे सेवाव्रती शिक्षिका म्हणून जाण्याचा विचार मनात पक्का होत आला आहे. राहण्याजेवणाची सोय आणि थोडे मानधन एवढ्यावर भागवावे लागेल. आईला हा वेडेपणा वाटतो. मला गैरसोयीची भीती नाही, परंतु ‘तिथे जाऊन आपल्याला काय मिळेल’ हा विचार सारखा डोकावतो आणि तो डोकावल्याची लाज वाटते. हा स्वार्थ आहे का?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. स्वामी विवेकानंदांनी १८९७ मध्ये स्थापन केलेल्या रामकृष्ण मिशनचे बोधवाक्यच ‘आत्मनो मोक्षार्थं जगद्धिताय च’ असे आहे; म्हणजे स्वतःचे आत्मिक कल्याण आणि जगाचे हित ही दोन्ही उद्दिष्टे तिथे एकाच ओळीत शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. याच मिशनने १९६६ मध्ये अरुणाचलातील ‘आलो’ या गावी शाळा सुरू केली. वऱ्हाडातल्या टिमटाळ्याचे एकनाथजी रानडे यांनी कन्याकुमारीच्या शिलास्मारकाचे काम १९७० मध्ये पूर्णत्वास नेले, १९७२ मध्ये विवेकानंद केंद्राची स्थापना केली आणि १९७७ पासून केंद्राची विद्यालये अरुणाचलात उभी राहू लागली. तेव्हापासून देशाच्या अनेक भागांतून माणसे तिथे शिकवायला जात आली आहेत, आणि त्यांत मराठी माणसेही आहेत. मी स्वतः त्या भागातील एका निवासी शाळेत काही वर्षे शिकवले आहे, म्हणून अनुभवाच्या आधारेच लिहितो.

जे मिळेल असे आपण निघताना धरून चालतो, ते बहुधा तसे मिळत नाही. मनःशांती मिळेल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात वसतिगृहाच्या शाळेत शांतता फार थोडी असते. पहाटेच्या प्रार्थनेपासून रात्रीच्या अभ्यासिकेपर्यंत कोणी ना कोणी दाराशी उभे असते. कोणाला ताप, कोणाला घरची आठवण, कोणाचे अपूर्णांकाचे गणित अडलेले. पावसाळ्यात पत्र्याच्या छपरावर इतका आवाज होत असे की वर्गात माझे बोलणे दुसऱ्या बाकापर्यंतही पोहोचत नसे. मग मी बोलणे थांबवून सगळा तास फळ्यावर लिहूनच घेत असे आणि मुले खुणेने शंका विचारत. गणिताची एकेक पायरी इतकी स्वच्छ मांडायला मी त्या पावसात शिकलो. बी.एड.मध्ये मला ते साधले नव्हते.

दुसरा लाभ वेळेचा. देशाच्या पूर्व टोकाला घड्याळ आपलेच असले तरी सूर्य आपला नसतो. जूनमध्ये सव्वाचारच्या सुमारास उजाडलेले असते आणि डिसेंबरात साडेचार वाजता अंधारू लागते. खोलीत दूरदर्शन नाही, मोबाइलला रेंज असलीच तर कधीमधी, आणि खर्च करावा असे जवळपास काही नाही. अशा लांबच लांब संध्याकाळी माणूस वाचू लागतो आणि मुलांच्या गप्पा पूर्ण ऐकून घेऊ लागतो. माझा लहानपणीचा हरिपाठ, जो पुण्यात नोकरीच्या धावपळीत सुटून गेला होता, तो तिथे पुन्हा रोजचा झाला.

परंतु ज्याला मी खरा आशीर्वाद म्हणेन तो याहून वेगळा आहे. आपण देण्यासाठी निघतो आणि हाताशी फार थोडे असल्यामुळे लवकरच आपल्याला घ्यावे लागते. एका पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि आमचे सिलिंडर व भाजी दोन्ही अडकले. तेव्हा जवळच्या वस्तीतील पालक पाठीवरच्या वेताच्या टोपलीत लाईचा म्हणजे मोहरीचा पाला, आले, बांबूचे कोंब आणि वर बांधलेली सरपणाची मोळी घेऊन शाळेत आले. त्यांनी ते स्वयंपाकघराच्या पायरीवर ठेवले, मुलगा नीट अभ्यास करतो ना एवढे हिंदीत विचारले आणि ते परत गेले. त्यांचे उपकार फेडण्याचे कोणतेही साधन माझ्यापाशी नव्हते. मी पगारदार असतो, तर पैसे पुढे केले असते आणि व्यवहार तिथेच संपला असता.

एप्रिलमध्ये गालो समाजाचा मोपिन सण असतो. पीकपाणी चांगले यावे, घरादाराचे भले व्हावे म्हणून मोपिन देवीची पूजा होते, स्त्रिया पांढऱ्या वेशात फेर धरून नाचतात आणि सगळे एकमेकांच्या तोंडाला तांदळाचे पीठ लावतात. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजीने मला जवळ बसवून घेतले, माझा चष्मा स्वतः काढून माझ्या हातात दिला आणि भिजवलेल्या पिठाची बोटे दोन्ही गालांवर सावकाश फिरवली. तिला हिंदी येत नव्हते आणि मला गालो येत नव्हती. आमच्या घरी दसऱ्याला आजी औक्षण करी, तेव्हा मन जसे भरून येई, तसेच ते तेव्हा भरून आले. मी त्या मुलांना काही द्यायला आलो आहे, ही भावना त्यानंतर माझ्या मनात पूर्वीच्या ठसक्याने कधी उमटली नाही.

यावरून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. तुमच्या वर्गात दोन्यी-पोलो, म्हणजे सूर्य-चंद्र, यांना मानणाऱ्या घरांतील मुले असतील, ख्रिस्ती घरांतील असतील, काही ठिकाणी बौद्धही असतील. तुमची उपासना तुम्ही मनापासून करा, कारण दमलेल्या दिवशी तीच तुम्हाला उभे करील. मात्र मुलांच्या घरच्या श्रद्धेला उणेपणा आणणारा शब्द वर्गात किंवा जेवणाच्या पंगतीतही निघता कामा नये. आपल्या श्रद्धेपोटी सेवेला गेलेल्या माणसावर ही जबाबदारी इतर शिक्षकांपेक्षा जास्त असते.

तेव्हा ‘काय मिळेल’ हा विचार येऊ द्या, फक्त त्याची यादी करू नका. मात्र सध्याच्या नोकरीचा वा घरातील ताणाचा कंटाळा हेच जाण्याचे मुख्य कारण असेल, तर थांबा; दुर्गम जागी तो कंटाळा कमी होत नाही, वाढतो. जाण्यापूर्वी मानधन, आजारपणातील उपचारांची सोय, रजा आणि मुदतीपूर्वी परतावे लागल्यास काय, हे संस्थेला स्पष्ट विचारा. असे विचारण्याने सेवेला बाध येत नाही. निवृत्तीसाठीची बचत दोन वर्षे थांबेल, हेही आईशी मोकळेपणाने बोला, कारण त्यांच्या विरोधात तुमच्या भवितव्याची काळजी असणार आणि ती रास्त आहे. हिंदी बोलण्याचा सराव वाढवा, तिथे निरनिराळ्या जमातींचे लोक एकमेकांशी हिंदीतच बोलतात. चांगला रेनकोट आणि गरम कपडे न्या. शक्य झाल्यास पहिल्या वर्षातच आईंना काही दिवस तिकडे बोलवा. अरुणाचलात प्रवेशासाठी लागणारा इनर लाइन परवाना ऑनलाइन काढता येतो, आणि प्रवास लांबचा असल्याने ऑक्टोबरनंतरचे, पाऊस ओसरलेले दिवस त्यांना सोयीचे पडतील.