दूध कमी नाही, बाळाला दम लागतो

पोरी,

काल रात्री तुझा मेसेज वाचला अन् मग झोपच नाही लागली. बाळ पाच मिनिटं पितं, सोडून देतं, परत रडतं, आणि घरात सगळे म्हणून राहिले की तुझं दूध कमी पडतं, वरचं चालू कर. माझ्या लेकीच्या वेळी मी हेच ऐकलंय, तिलाही व्हीएसडी होता, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, तुझ्या बाळासारखाच. मे महिना, कूलर फुल चालू, मी अंगावर शाल घेऊन बसलेली आणि दूध पिता पिता हिच्या कपाळावर घामाचे थेंब. माझी बाही ओली व्हायची. तो घाम उन्हाळ्याचा नव्हता हे मला फार उशिरा कळलं.

आपण जिना चढताना बोलायला लागलो तर कसा दम लागतो, तसं त्याला पिताना होतं. तू म्हणतेस पहिले पंधरा दिवस तर छान पीत होता. हो, पीत असणारच. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत फुप्फुसातला दाब हळूहळू उतरतो, मग छिद्रातून जास्त रक्त तिकडे जायला लागतं आणि श्वास वाढतो, म्हणून बऱ्याच बाळांना त्रास महिना-दीड महिन्याच्या आसपास दिसतो. यात तुझ्या दुधाचा काही दोष नाही. आणि ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं असं कोणी म्हटलं तर ते कानावरही घेऊ नको, हृदय पोटात पहिल्या दोन महिन्यांतच घडून जातं, तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचं धड कळलेलंही नसतं.

आता काय करायचं ते सांगते. भूक लागून रडायला लागण्याआधीच घे, रडण्यातच त्याची अर्धी ताकद जाते. तोंड चोखायला लागला, हात तोंडात घातला की घ्यायचं, दर दोन-अडीच तासांनी, थोडं थोडं. डोकं छातीपेक्षा वर, जवळजवळ बसवल्यासारखं धर. मध्ये थांबला तर थांबू दे, गाल टोचून टोचून उठवू नको, ढेकर काढ, श्वास शांत झाला की परत लाव. अर्ध्या तासाच्या वर ओढू नको, तेवढ्यात जे पिलं त्यापेक्षा जास्त तो दमण्यातच घालवतो. उरलेलं दूध हाताने किंवा पंपाने काढ आणि वाटी-चमच्याने दे. किती द्यायचं, त्यात पावडर मिसळायची का, हे डॉक्टरच ठरवतील, वजन पाहून. आणि बाटलीने सोपं पडतं असं सगळे सांगतील, पण अंगावर पिताना बाळ आपल्या वेगाने पितं, श्वास घ्यायला थांबतं, अशा बऱ्याच बाळांचा ऑक्सिजन बाटलीपेक्षा अंगावर चांगला टिकतो.

काढलेलं दूध नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवूच नको, लगेच फ्रिजमध्ये. पाणी, घुट्टी, मध काहीच नाही, कितीही ऊन असलं तरी. लघवी होण्याचं औषध दिलंय ना, ते वेळेवर दे, स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नको.

झोपेत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोज. साठच्या वर जात असेल तर डॉक्टरांना फोन कर. ओठ-जीभ निळी पडली, अंग सैल सोडलं, लागोपाठ दोनदा प्यायलाच नाही, तर फोन करत बसू नको, थेट दवाखाना. उद्या कदाचित नाकातून नळी घालायची वेळ येईल, तेव्हा तू हरलीस असं मनात आणू नको गं. नळीने जाणारं दूधही तुझंच, आणि नळी चालू असताना त्याला छातीशी धरता येतं, विचारून घे.

ऑपरेशनच्या खर्चाची काळजी लिहिलीस. आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, 2013 पासून आहे, त्यात अशा लेकरांच्या हृदयाच्या ऑपरेशनचा खर्च होतो. अंगणवाडी ताईला किंवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत विचार, इकोचे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचे कागद एका फाईलमध्ये लावून ठेव.

आणि तू जेव गं बाई. सकाळचा चहा अन् दोन बिस्किटांवर दूध काढत बसू नको.

वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर कर, दुसऱ्या काट्यावर शंभर ग्रॅमचा फरक सहज दिसतो आणि उगाच जीव घाबरतो. मंगळवारी केलं की मला आकडा पाठव. शनिवारी मी येते, पंप आणते, आणि तुझ्या सासूबाईंजवळ बसून तो कपाळावरचा घाम त्यांना दाखवते.

तुझी काकू