प्रौढांसाठीच्या रोमान्स गेममध्ये प्लेअरला किती चॉइसेस द्यावेत, आणि पात्रं खरी कशी वाटतील?

किती द्यावेत ते शेवटी सांगते, मला खरं तर तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचून राहवलं नाही. ह्याच एका गोष्टीवरून माझं आणि माझ्या कॉलेजच्या मित्राचं तेरा महिन्यांचं काम मोडलंय.

आम्ही दोघं रेनपाय ह्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे गोष्ट वाचत मधेमधे चॉइस करायचा गेम, करत होतो, कोड त्याचा आणि लिखाण माझं. नायिका मेधा, वय ३६, घटस्फोट झालेला, नाशिकला फिजिओथेरपिस्ट. प्लेअर म्हणजे तिच्या वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेला माणूस. चौथ्या चॅप्टरमध्ये धो धो पाऊस, लाइट गेलेत, दोघं तिच्या घरी, चहा पिऊन झालाय आणि तो तिचा हात धरतो. मेधा हात सोडवत नाही पण म्हणते, "आज नको रे. उद्या आईचे रिपोर्ट यायचेत, माझं डोकं तिथेच आहे." तुम्ही आधी काहीही निवडलेलं असो, ती हेच म्हणते. मग मेनू येतो: आईबद्दल विचारायचं, नुसतं बसून राहायचं, की निघायचं. बसून राहिलात तर थोड्या वेळाने ती स्वतःहून नवऱ्याबद्दल बोलायला लागते, आणि ते पान लिहायला मला तीन आठवडे लागले होते.

टेस्टिंगला ओळखीच्या सात-आठ जणांना दिला. तिघांची तक्रार, आम्ही सगळे बरोबर ऑप्शन घेतले तरी बेडरूमचा सीन का नाही आला? मित्राने मला न विचारता एक अट टाकली, चॉइसेसवर मिळणारे पॉइंट दहाच्या वर गेले की मेधा हो म्हणते. मला पंधरा दिवसांनी खेळताना कळलं. पुढचा चॅप्टर तसाच होता, म्हणजे रात्री आईचं नावसुद्धा नाही आणि सकाळी ही रिपोर्ट हातात घेऊन रडतेय! मी भांडले तर म्हणाला, प्लेअरच्या चॉइसला काही किंमत नको का. अरे पण मेधाच्या चॉइसला? जिला नाही म्हणताच येत नाही तिच्या होकाराचं प्लेअरला काय अप्रूप वाटणार?

आणि हे मी एकटीच म्हणतेय असं नाही. २०१५ च्या द विचर ३ मध्ये आपण गेराल्ट नावाचा नायक असतो, आणि ट्रिस आणि येनेफर ह्या दोन्ही नायिकांना प्रेमाचं वचन दिलंत तर दोघी मिळून गेराल्टला पलंगाला जखडतात आणि निघून जातात. त्याच गेममध्ये येनेफर तिला आणि गेराल्टला बांधून ठेवणारी जिनची जादू तोडायला लावते, कारण तिला बघायचं असतं की जादू गेल्यावर दोघांमध्ये काही उरतं का, आणि उत्तर प्लेअरला द्यावं लागतं. तिथे मी कंट्रोलर खाली ठेवून विचार केला होता. उलट २००९ च्या ड्रॅगन एज ओरिजिन्समध्ये सोबतच्या पात्रांना भेटवस्तू देत राहिलं की अप्रूव्हल, म्हणजे आपण त्यांना किती आवडतो तो आकडा, वाढतं, गेम मला आवडतो पण तेवढा भाग खोटाच वाटतो. २०१८ च्या फ्लोरेन्समध्ये तर कथेचा शेवट बदलताच येत नाही. फ्लोरेन्स आणि क्रिश बोलतात तेव्हा आपण त्यांच्या बोलण्याच्या फुग्याचे तुकडे जुळवतो, ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात, आणि भांडणात तेच तुकडे टोकदार होतात. एवढ्याशा गोष्टीत अख्खं नातं कळतं.

तर तुमच्यासाठी: प्रत्येक मुख्य पात्राला एक अशी गोष्ट द्या जी प्लेअरच्या कुठल्याच चॉइसने बदलणार नाही, आणि आकडा ठेवायचाच असेल तर त्याने तिचा सूर बदलू दे, होकार नाही. एकटे करत असाल तर दोन-तीन एंडिंग खूप झाले, चॅप्टरमागे दोन मोठे चॉइस बास, कारण प्रत्येक फांदी तुम्हालाच लिहायचीय आणि तपासायचीय. हां, काही लोकांना दमून घरी आल्यावर साधा गोड गेम हवा असतो, त्यात पॉइंट चालतात, माझी बहीण तेच खेळते आणि मी तिला काही म्हणत नाही. माझ्या मित्राचंही एक बरोबर होतं, नकारानंतर करायला काहीच नसेल तर प्लेअर चिडणारच, म्हणून नकारानंतरचा सीन सगळ्यात जास्त मेहनतीने लिहा.

मेधाचा मूळ सीन, ती अट नसलेला, अजून माझ्याकडे आहे. वाचायचा असेल तर मेसेज करा, पाठवते.